घरचा सर्व्हर दर दोन-चार दिवसांनी गायब होतो? आधी 'बंद' म्हणजे काय ते ठरवा

"सर्व्हर परत गेला." सलग तीन महिने दर दोन-चार दिवसांनी घरात हे वाक्य ऐकू यायचं, आणि मी मुकाट्याने उठून कॅबिनेटचं रीसेट बटण दाबायचो. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. फोटो दिसतात, बॅकअप चालतो, कुणाची तक्रार नाही. पुढच्या दोन-चार दिवसांनी परत तेच रडगाणं.

ज्यांनी जुना डेस्कटॉप घरचा सर्व्हर म्हणून लावलाय त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हे दुखणं ओळखीचं असेल. त्यावरचे उपायही ठरलेले: रॅम बदला, थर्मल पेस्ट लावा, सिस्टिम नव्याने टाका. मी हे सगळं क्रमाने केलं. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक निघाली नाही, तरी रॅम बदलली. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) नव्याने टाकलं. दुखणं जागच्या जागी. शेवटी वैतागून रोज पहाटे चार वाजता मशीन आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय केली. हा सगळ्यात वाईट निर्णय होता, पण तो का ते पुढे येईलच.

मशीन साधंच आहे. चार कोअरचा जुना प्रोसेसर, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी आणि साडेतीन इंची दोन हार्ड डिस्क. पहिल्या डिस्कवर सगळा माल, दुसरीवर रोज पहाटे तीन वाजता त्याची नक्कल.

बटण दाबण्याआधीची पाच मिनिटं

आपण 'बंद पडला' म्हणतो तेव्हा खरं तर एवढंच माहीत असतं, की फोनवरून किंवा लॅपटॉपवरून सर्व्हर सापडत नाही. त्यामागे निदान चार वेगळ्या अवस्था असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. रीसेट मात्र चारही अवस्थांवर चालतं, म्हणूनच ते घातक. मशीन चालू होतं आणि कारण कळायची संधी जाते.

पुढच्या वेळी सर्व्हर गायब झाला की हात खिशात ठेवून आधी बघायचं.

पंखा फिरतोय का, दिवा लागलाय का? काहीच नसेल तर वीज किंवा पॉवर सप्लाय. दिवा हळूहळू उघडझाप करत असेल, पंखा थांबलेला असेल, तर मशीन झोपलंय. पंखा फिरतोय, दिवाही स्थिर आहे, तर एक कीबोर्ड जोडा आणि कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिवंत आहे. दिवा ढिम्म हलत नसेल तर मशीन खरंच गोठलंय. तिथे रॅम, मदरबोर्ड, तापमान यांच्याकडे संशयाने बघायला हरकत नाही.

त्यानंतर दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हरला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असा छोटा संदेश पाठवा. पिंगला उत्तर येतं आणि एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिनही होतं, तर मशीन ठणठणीत आहे, एखादी सेवा तेवढी मेलीय. ती अनेकदा डिस्क भरल्यामुळे मेलेली असते. डॉकर (प्रत्येक सेवा 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारी प्रणाली) वापरत असाल तर कंटेनरचे लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, आधी तपासा, कारण मूळच्या सेटिंगमध्ये त्यांच्या आकाराला काही मर्यादाच नसते.

पिंगला उत्तर येत नाही, पण स्क्रीन जोडली तर लॉगिनची ओळ छान दिसतेय, कीबोर्डही चालतोय? मग बहुधा राउटरने सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, बदललाय. राउटर रीस्टार्ट झाला की हे होऊ शकतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्यासाठी (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) एक आयपी पत्ता राखून ठेवा, विषय संपला. सर्व्हरवर हाताने पक्का पत्ता टाकण्यापेक्षा हे बरं. हाताने टाकला तर राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन बसू शकतो आणि नवीनच भानगड सुरू होते.

झोपेचं प्रकरणही तसं सोपं. डेस्कटॉप वातावरणासकट लिनक्स टाकलं असेल तर लॉगिनच्या पडद्यावर काही वेळ कुणी फिरकलं नाही की मशीन निद्रावस्थेत जाऊ शकतं. तुम्ही एसएसएचवरून काम करताय याची त्या पडद्याला खबर नसते. सिस्टिमडीतले (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा कारभारी) स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप हे चारही टार्गेट 'मास्क', म्हणजे पूर्ण निकामी, करून टाका. सेटिंगच्या खिडकीतून झोप बंद केली तर ती फक्त त्या वापरकर्त्यापुरती होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप ठेवूच नये असं माझं मत आहे, पण तो वाद इथे नको.

अर्धा जिवंत

माझं मशीन यातल्या कुठल्याच खणात बसेना. ज्या दिवशी पहिल्यांदा बटणाऐवजी कीबोर्ड हातात घेतला, त्या दिवशी कॅप्स लॉकचा दिवा लागला. पिंगलाही उत्तर आलं. पण एसएसएच पासवर्ड विचारण्याआधीच लटकून राहिलं. फोटो नाहीत, फाइली नाहीत. स्क्रीन जोडली तर काळीठिक्कर.

पिंग चालतं पण लॉगिन होत नाही, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिंगला उत्तर कर्नल देतो, आणि कर्नल रॅममध्ये बसलेला असतो. त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. लॉगिनसाठी मात्र डिस्कवरून काही ना काही वाचावंच लागतं. म्हणजे डोकं शाबूत आणि पायाखालची जमीन गेलेली: बहुधा सिस्टिमची डिस्कच कर्नलला सापडत नाहीये.

आता लॉग बघू म्हटलं. तिथे दोन अडचणी. पहिली अशी, की सिस्टिमडीचं जर्नल, म्हणजे नोंदवही, व्हार-लॉगमध्ये (/var/log) 'जर्नल' नावाचा फोल्डर असेल तरच डिस्कवर साठतं. नसेल तर रॅममध्ये राहतं आणि रीस्टार्टबरोबर पुसलं जातं. हा फोल्डर आहे का ते आजच बघून घ्या, नसेल तर बनवा. तो असला की जर्नलसीटीएलला (ती नोंदवही वाचायची आज्ञा) 'बी' पर्याय आणि पुढे उणे एक देऊन मागच्या बूटची नोंद वाचता येते. नोंदीच्या शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतील तर मशीन रीतसर बंद झालंय, कुणीतरी किंवा कशानेतरी तसा हुकूम दिलाय. नोंद वाक्य अर्धवट सोडल्यासारखी तुटली असेल तर वीज गेली, मशीन गोठलं किंवा डिस्क गेली.

माझी नोंद तुटलेली होती. दुसरी अडचण उघडच होती. ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गेली, तर ती गेल्याची नोंद करणार कोण आणि कुठे?

यावर दोन सापळे लावले. रोज पहाटे चारचं आपोआप रीस्टार्ट आधी काढून टाकलं. त्याने दुखणं कमी झालं नव्हतं, फक्त लपलं होतं; तीन वाजता मेलेलं मशीन चार वाजता उठायचा प्रयत्न करायचं, कधी जमायचं, कधी नाही, आणि मला सकाळी काहीच धड कळायचं नाही. मग कर्नलच्या बूट ओळीत 'कन्सोलब्लँक' शून्य करून पडदा काळा होणं थांबवलं आणि एक जुनी स्क्रीन जोडून ठेवली. मेलेल्या डिस्कवर काही लिहिता येत नसलं तरी पडद्यावर लिहिता येतं. ज्यांच्याकडे स्क्रीन ठेवायला जागा नाही त्यांनी नेटकन्सोल वापरावं: कर्नलचे संदेश वायरवरून थेट दुसऱ्या मशीनला यूडीपीने जातात, मूळ सेटिंगप्रमाणे ६६६६ या पोर्टवर.

दुसरा सापळा अगदी गावठी. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं करून घेणारी सोय) दर मिनिटाला एक ओळ फाइलीत जोडायची: वेळ, मशीनवरचा भार, तापमान, आणि तिन्ही डिस्क जाग्या आहेत की झोपलेल्या. शेवटची गोष्ट का घातली ते आता आठवत नाही, पण सगळं गाडं तिथेच होतं.

पडद्यावर काय आलं

तिसऱ्या सकाळी पडदा ओळींनी भरलेला होता. 'एटीए' आणि एक आकडा, मग 'हार्ड रीसेटिंग लिंक', मग तेच पुन्हा, खाली फाइलसिस्टिमच्या इनपुट-आउटपुट चुका, आणि मूळ विभाजन (डिस्कवरचा सिस्टिम असलेला भाग) फक्त-वाचनापुरतं केल्याची ओळ. फोटो काढला. मग ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनचीच कळ) दाबून ठेवून एकेक करून एस, यू, बी. म्हणजे उरलंसुरलं डिस्कवर लिही, डिस्क वाचनापुरत्या कर, रीबूट हो. सिस्टिमची डिस्क गेलेली असली तरी मालाच्या डिस्कला त्याचा फायदा होतो. रीसेट बटणापेक्षा हे केव्हाही बरं.

आता 'हार्ड रीसेटिंग लिंक' म्हटलं की पहिला आळ साटाच्या (डिस्क जोडायची पद्धत) डेटा केबलवर येतो. तो तपासायची सोय डिस्कमध्येच असते. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेली नोंद, काढली की १९९ क्रमांकाच्या ओळीत केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजदाद असते. हा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. ५, १९७ आणि १९८ या ओळी खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या कप्प्यांच्या. त्या वाढत असतील तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं. माझ्याकडे १९९ तिन्ही डिस्कवर शून्य. खराब सेक्टरही शून्य.

नजर अडकली ती १२ क्रमांकाच्या ओळीवर. डिस्कला वीज किती वेळा नव्याने मिळाली त्याचा हा आकडा. रीसेट बटणाने डिस्कची वीज जात नाही, त्यामुळे आठवडाभरात तो जेमतेम एकाने वाढायला हवा होता, कारण मशीन पूर्ण बंद मी एकदाच केलं होतं. एसएसडीवर तो चारने वाढला होता. हार्ड डिस्कवरही. शिवाय १९२ ची ओळ, म्हणजे वीज अचानक गेल्याने डिस्कने वाचनशीर्ष घाईने मागे ओढल्याची मोजदाद, तीही हार्ड डिस्कवर वाढलेली.

थोडक्यात, मशीन चालू असताना तिन्ही डिस्कची वीज एकाच वेळी क्षणभर जात होती. हे एक कळल्यावर रॅम, सिस्टिम, नेटवर्क, प्रोसेसर हे सगळे संशयित एका झटक्यात सुटले.

पहाटे तीनच का?

कारण तीनला नक्कल सुरू व्हायची, हे उघड. पण मग रोज का नाही? याचं उत्तर त्या गावठी फाइलीत होतं.

वीज वाचवायची म्हणून मी एचडीपार्म या आज्ञेने दोन्ही हार्ड डिस्क दहा मिनिटं रिकाम्या बसल्या की झोपतील असं लावलं होतं. (तिथे १२० हा आकडा द्यावा लागतो, तो पाच-पाच सेकंदांच्या मापात मोजतात, म्हणून ६०० सेकंद.) दोन फिरत्या डिस्क मिळून दहा-बारा वॉट खातात. चोवीस तास झोपवल्या तरी महिन्याला सात ते नऊ युनिट वाचणार. एवढ्यासाठी केलेली काटकसर.

झोपलेली साडेतीन इंची डिस्क उठताना मात्र फिरायला लागण्यापुरते काही सेकंद १२ व्होल्टच्या तारेवरून २ अँपिअरच्या आसपास ओढते. नक्कल सुरू झाली की एक डिस्क वाचायला आणि दुसरी लिहायला, दोन्ही एकदमच उठायच्या. ज्या रात्री कुणी उशिरापर्यंत काही बघत असे किंवा फोनमधले फोटो वर चढत असत, त्या रात्री तीनला निदान एक डिस्क जागी असे आणि काही होत नसे. दोन्ही झोपलेल्या असल्या की घात. माझ्या फाइलीत चारही अपघातांच्या आदल्या ओळीत दोन्ही डिस्क झोपलेल्या होत्या. चारपैकी चार.

मग पहाटेची वाट बघायची गरजच उरली नाही. भर दुपारी दोन्ही डिस्क एचडीपार्मने हाताने झोपवल्या आणि दोन्हींवरून एकदम वाचायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला निभावलं. तिसऱ्या खेपेला पडद्यावर तोच ओळींचा पूर. दुखणं मनात येईल तेव्हा घडवून आणता आलं की निम्मी लढाई संपते. आता कुठलाही बदल केला की तो लागू पडला का ते दहा मिनिटांत कळणार होतं.

पॉवर सप्लायवर खापर फोडायला मी तयारच होतो. नवीन कुठला घ्यायचा तेही बघून झालं होतं. त्याआधी मल्टिमीटर लावला ते बरं झालं. मोलेक्सच्या (जुन्या पद्धतीची वीजजोडणी) चार पिनी तोंडात पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची, काळ्या दोन्ही ग्राउंडच्या. मान्य फरक दोन्हीकडे ५ टक्के: म्हणजे ११.४ ते १२.६, आणि ४.७५ ते ५.२५. बाहेरच्या जोडणीवर मोजायचं, पॉवर सप्लायची पेटी उघडायची नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ जोरदार झटका देण्याइतके भरलेले असतात.

दोन्ही डिस्क उठत असताना पॉवर सप्लायच्या एका रिकाम्या तोंडावर मोजलं: ११.९ आणि ५.०. निर्दोष. मग डिस्क जिथे जोडल्या होत्या तिथल्या मोकळ्या तोंडावर मोजलं: ११.३ आणि ४.६.

जुन्या पॉवर सप्लायला साटाची तोंडं कमी म्हणून मी मोलेक्सवरून साटा करणारा एक स्वस्त स्प्लिटर (एका तोंडाची अनेक करणारी जोडतार) लावला होता. एका मोलेक्स तोंडावर एसएसडी आणि दोन्ही हार्ड डिस्क. काढून बघितला तर एक पिन तपकिरी पडलेली आणि प्लास्टिक किंचित वितळलेलं. पिनेची पकड ढिली, त्यामुळे तिथे रोध, त्यामुळे उष्णता, त्यामुळे पकड आणखी ढिली. स्प्लिटरच्या टोकाला बसलेल्या एसएसडीला ५ व्होल्टच पुरेसे मिळत नव्हते.

मशीन बंद करून उघडलंच असेल तर हे स्प्लिटर हाताने चाचपून बघा, विशेषतः ज्यांची साटा तोंडं अखंड ओतीव प्लास्टिकची आहेत. ती आतल्या आत शॉर्ट होऊन जळण्याबद्दल बदनाम आहेत. वापरावाच लागला तर तारा तोंडात मागून स्वतंत्र खोचलेल्या दिसतात त्या प्रकारचा घ्यावा.

एसएसडी पॉवर सप्लायच्या स्वतःच्या साटा तोंडावर नेली, हार्ड डिस्क दुसऱ्या लायनीवर घेतल्या, आणि झोपेची काटकसर बंद केली. त्याआधी मात्र तोच झोपवून-उठवून बघण्याचा खेळ वीस वेळा केला. एकदाही ओळ आली नाही.

मीटर सगळं सांगत नाही, हेही सांगायला हवं. पॉवर सप्लाय म्हातारा झाला की सरासरी व्होल्ट नीट राहतात पण त्यांवर बारीक तरंग वाढतो. १२ व्होल्टच्या लायनीवर १२० मिलीव्होल्टपर्यंत तो चालतो, ५ व्होल्टवर ५० पर्यंत. साध्या मल्टिमीटरला तो दिसत नाही. म्हणून आकडे ठीक आले आणि तरी लक्षणं विजेचीच असली, तर कुणाकडून तरी दुसरा पॉवर सप्लाय दोन दिवस मागून आणून लावणं हीच खरी चाचणी. मदरबोर्डवर टोपी फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर दिसले तर चाचणीचीही गरज नाही.

आणि एक दिवस परत

दीड महिना शांततेत गेला. मग एका संध्याकाळी वीज गेली, आली, आणि सर्व्हर आलाच नाही. पोटात गोळा आला. स्क्रीन जोडली तर बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागी होणारी प्रणाली) एफ१ दाबायची वाट बघत बसलेलं, तारीख पार मागच्या जमान्यातली.

हे वेगळंच दुखणं, आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये फार नेहमीचं. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते, ३ व्होल्टची. माझी २.४ दाखवत होती. प्लगमध्ये वीज असते तोवर तिच्यावाचून काही अडत नाही. वीज गेली की बायोसचं घड्याळ आणि सेटिंग पुसली जातात. त्यात 'वीज परत आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंगही जातं, म्हणजे नेमकं जेव्हा लागतं तेव्हाच ते नसतं. काही बोर्डांवर साटाची पद्धतही मूळपदावर जाते आणि सिस्टिम बूटच होत नाही. अशा वेळी लोक डिस्क मेली समजून हळहळतात.

बॅटरी बदला, विजेचं सेटिंग परत लावा, आणि बायोसमध्ये 'कुठल्या चुकीवर थांबायचं' असा पर्याय असेल तर तो 'कुठल्याच नाही' वर ठेवा, नाहीतर कीबोर्ड नाही म्हणूनही मशीन अडून बसेल. त्याच बैठकीत एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) उघडून डिस्क यूयूआयडीने, म्हणजे ओळखक्रमांकाने, नोंदवल्यात का ते बघा आणि सिस्टिमची सोडून बाकीच्या डिस्कपुढे 'नोफेल' (ही नसली तरी पुढे जा) लिहा. ते नसेल तर एखादी डिस्क वेळेत सापडली नाही की सिस्टिमडी दीड मिनिट वाट बघून आणीबाणीच्या पडद्यावर थांबतं, आणि नेटवर्कवरून बघणाऱ्याला परत तेच दिसतं: सर्व्हर गायब.

घड्याळ चुकलेलं असलं की जर्नलमधल्या नोंदींच्या वेळाही चुकतात, नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंतच्या ओळी भलत्याच सालात जाऊन बसतात. तेव्हा बूटांची यादी वाचताना तारखेवर विसंबू नका, क्रमावर विसंबा.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलाय. त्यावर तिन्ही डिस्कच्या १२, १९२ आणि १९९ च्या ओळींचे आकडे तारखेसकट आहेत. कॅबिनेट उघडलं की नवे आकडे त्याखाली लिहायचे. शेवटच्या दोन नोंदींत फरक आहे तो एकाचा, आणि तो मीच बॅटरी बदलताना प्लग काढला त्याचा.